खुंटावरचा रातबगळा

सिस्टरला किळस म्हणून येत नाही, असं सगळेच म्हणायचे. सर्जिकल वॉर्डात तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. नव्या मुली पहिल्या आठवड्यात ड्रेसिंगचा ट्रे टाकून बेसिनकडे पळायच्या, तेव्हा ती मागून जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि उरलेलं ड्रेसिंग स्वतः करून टाकायची. दुपारचा डबा ती कुठेही बसून खायची. इमारतीत कुणाचं गटार तुंबलं, कुणाच्या फ्रिजमध्ये काही सडलं, तरी लोक आधी तिचंच दार ठोठावायचे.

निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तिने घर धुऊन काढलं. तिसऱ्या महिन्यात धुण्यासारखं काही उरलं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नोकरीच्या गावी. दुपारी चारला चहा झाला की पुढची संध्याकाळ अंगावर यायची.

"शनिवारी यांच्याबरोबर नदीवर जात जा," ताई म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. "चार माणसं भेटतील. कॅमेऱ्याचं म्हणशील तर घरात तीन पडलेत."

'हे' म्हणजे भाऊजी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उंच, शांत, कधी आवाज न चढवणारे. अख्खा ग्रुप त्यांना सर म्हणायचा. सिस्टरच्या मनात त्यांची जागा वेगळीच होती. अठराव्या वर्षी तिने नर्सिंगला जायचं म्हटलं, तेव्हा वडील कडाडले होते, "लोकांची घाण काढायला माझी मुलगी जाणार नाही." भाऊजींचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. ते तीन संध्याकाळी सासऱ्यांसमोर नुसते बसून राहिले, आणि चौथ्या दिवशी फॉर्मवर सही घेऊनच उठले. त्यानंतर तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. द्यायची वेळही आली नव्हती.

नदीकाठची बाग लांबट होती. लाल फरशांची पायवाट, कठडा, बाकं, व्यायामाची लोखंडी यंत्रं, दर वीस पावलांवर दिव्याचा खांब. कठड्यापासून चार हात लांब उभं राहिलं तर नदी बरी दिसायची. वाकून पाहिलं की बाटल्या, पिशव्या, कुणीतरी टाकलेली गादी, आणि नाल्याच्या तोंडाशी साचलेला पिवळट फेस. वारा पडला की वास वर यायचा, आणि धावणारी माणसं तोंडावर रुमाल धरून धावायची.

"सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं," भाऊजी शिकवायचे. "आकाश निळं होतं, पलीकडचे दिवे पिवळे लागतात, आणि घाण अंधारात जाते. कॅमेऱ्याला आणखी काय हवं?"

ग्रुपमध्ये सात-आठ जण. त्यातला केमिस्ट सगळ्यात हौशी. त्याची लेन्स एवढी लांब की ती धरायला त्याने दुसरा हात भाड्याने घ्यावा, असं सगळे चिडवायचे. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या प्रत्येक फोटोला "वा" म्हणायच्या, स्वतःच्यासुद्धा. भाऊजी अर्धा तास आधी एकटेच पुढे जायचे, खांद्याला कापडी पिशवी. "जागा बघून ठेवतो," म्हणायचे. मग सगळे बंद पडलेल्या पंपघराखालच्या उतारावर जमायचे आणि तिथे, पाण्यातून वर आलेल्या एका खुंटावर, रातबगळा बसलेला असायचा.

आखूड मानेचा, खांदे पाडून बसलेला, राखाडी-काळा पक्षी. डोळा लाल. डोक्यामागे दोन पांढरी पिसं, कुणी कानामागे पेन्सिली खोचाव्यात तशी.

"सर, तुमचं आणि त्याचं काही ठरलेलं असतं का हो?" मुख्याध्यापिका विचारायच्या.

"विश्वास लागतो," भाऊजी म्हणायचे. "पक्ष्याला माणूस बरोबर कळतो."

सिस्टरला हे ऐकून आतून छान वाटायचं. आपल्याच घरातलं माणूस, असं.

चौथ्या शनिवारी तिला पहिल्यांदा चांगला फोटो मिळाला. आकाश जांभळ्याचं निळं होत होतं, पलीकडच्या इमारतींत दिवे लागत होते आणि त्यांच्या रेघा पाण्यात लांबत होत्या. रातबगळ्याने पंख उघडले. सगळे कॅमेरे एकदम कडकडले. पक्षी वीतभर वर उठला आणि परत त्याच खुंटावर आपटला.

"वा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सिस्टरने फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. भाऊजींनीच शिकवलं होतं तसं: आधी डोळा, मग पिसं, मग पाय. पायाशी येऊन ती थांबली. डावा पाय एका जागी आवळलेला होता. त्याच्या वर फुगलेला, खाली काळा. तिने तान्ह्या बाळाचं पायाचं बोट असं पाहिलं होतं, मोज्यातला आईचा केस गुंडाळला जाऊन आवळलेलं. हे आजचं नव्हतं. कमीत कमी तीन दिवसांचं होतं.

"भाऊजी, त्याच्या पायाला दोरा आहे."

भाऊजींनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "कचऱ्यातला गुंतला असेल. नदीची अवस्था बघतेस ना."

"मग काढू या."

"आत्ता? चार मिनिटं उजेड आहे, छोटे. नंतर बघू."

छोटी म्हणजे तीच; माहेरी तिला सगळे तसंच म्हणायचे. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, पण तिला खटकलं ते दुसरंच. त्यांना आश्चर्यही वाटलं नव्हतं.

ती उठली आणि उतारावरून खाली निघाली.

"अहो सिस्टर! फ्रेममध्ये येताय!" केमिस्ट ओरडला.

चिखल पोटरीपर्यंत होता, कोमट आणि तेलकट. पाय उचलला की बुडबुडा फुटायचा आणि संडासाचा वास यायचा. त्याचं तिला काही नव्हतं. खुंटाजवळ पोचल्यावर पक्ष्याने चोच उघडून कर्कश आवाज काढला. दोरा गळाचा होता, नायलॉनचा. पायाभोवती तीन वेढे, नीट एकाशेजारी एक, आणि दुसरं टोक खुंटात ठोकलेल्या खिळ्याला. खिळा नवा होता, चकाकत होता. कचऱ्यात गुंतलेला दोरा स्वतःहून खिळ्याला गाठ मारत नाही.

खुंटामागे चिखलात प्लॅस्टिकचा डबा ठेवला होता, झाकणाला भोकं पाडलेला. तिने झाकण उघडलं. आत आठ-दहा बेडूक होते. एकानेही उडी मारली नाही. तिने एकाला उचललं. त्याचे मागचे दोन्ही पाय मांडीत मोडलेले होते. दुसऱ्याचेही, तिसऱ्याचेही, सगळ्यांचे त्याच जागी. हाडाचं टोक कातडीखाली तिच्या बोटांना लागत होतं.

डब्याशेजारी दगडाखाली दाबलेलं एक पोतं होतं. त्याच्या तोंडातून एक लांब पांढरं पीस बाहेर आलं होतं. ती वाकली तेव्हा वास आला, आणि अठ्ठावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तिला तिथेच, गुडघ्यावर हात ठेवून, उलटी झाली.

वास भयंकर होता, पण तिने त्याहून वाईट वास घेतले होते. उलटी झाली ती त्या तीन वेढ्यांच्या नीटसपणाने.

किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर होतं. तिने पक्ष्याच्या डोक्यावर गळ्यातला स्कार्फ टाकला. त्याने स्कार्फमधूनच तिच्या मनगटावर चोच मारली, दोनदा, रक्त निघेपर्यंत. दोरा तुटायला वेळ लागला. तुटल्याबरोबर दोन्ही पंख तिच्या तोंडासमोर उघडले, आणि तिने ते छातीशी धरून मिटवले. वर उतारावर कॅमेरे कडकडतच होते. ती ऐकत होती. खाली कुणी आलं नाही. उजेड संपला तसा आवाज थांबला, आणि ट्रायपॉड मिटल्याचे खटखट आवाज आले.

भाऊजी उताराच्या कडेपर्यंत आले. हात पुढे केला. "दे, मी बघतो त्याच्याकडे."

तिने पक्षी दिला नाही. "कोणी बांधला हा?"

"हळू बोल." त्यांनी मागे पाहिलं. बाकीचे पायवाटेवर एकमेकांच्या स्क्रीन बघत उभे होते. "दोन-तीन दिवस ठेवतो, मग सोडून देतो. खायला घालतो. उलट त्याला ऐतं मिळतं."

"बेडकांचे पाय?"

"बेडूक पळतात," भाऊजी म्हणाले. पाणी ओलं असतं, तशा आवाजात.

"आणि त्या पोत्यात काय आहे?"

त्यांनी हाताला लागलेला चिखल रुमालाने पुसला, एकेक बोट. "सगळेच जगत नाहीत, छोटे. तुझ्या वॉर्डात सगळे जगायचे?"

तिला वाटलं, हे वाक्य त्यांनी आधीच तयार करून ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर, म्हणून.

ती चिखलाच्या पायांनी रिक्षात बसली. जनावरांच्या डॉक्टरीण बाई दवाखाना बंदच करत होत्या. त्यांनी दिव्याखाली पाय पाहिला आणि मान हलवली. "पाय जाणार. पक्षी राहील कदाचित." सिस्टरने स्वतः पक्षी धरून ठेवला. पाय ट्रेमध्ये पडला तेव्हा काडीएवढा आवाज झाला. पक्षी जगला, पुढे त्याला पक्ष्यांच्या निवाऱ्यात पाठवलं, तिथे त्याला हाताने मासे भरवावे लागतात.

त्या रात्री तिने तीनदा आंघोळ केली. चिखलाचा वास पहिल्या वेळीच गेला होता.

ताईला सांगायचं कसं, यात तीन आठवडे गेले. फोन उचलायची, तब्येतीचं विचारायची, ठेवून द्यायची. आणि मग एके सकाळी मुख्याध्यापिकांचाच फोन आला.

"सिस्टर, अभिनंदन! तुम्ही तर आता प्रसिद्ध झालात."

शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला होता. भाऊजींच्या फोटोचा. फोटोत तीच होती. ती चिखलात उभी, मागे निळं आकाश, पिवळ्या दिव्यांच्या रेघा, आणि तिच्या तोंडासमोर उघडलेले दोन पंख. फोटोला नाव दिलं होतं 'माया'. खाली लिहिलं होतं: जखमी पक्ष्याला वाचवणारी एक परिचारिका.

"सर किती मोठ्या मनाचे बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बक्षीस घ्यायला तुम्हालाही स्टेजवर बोलवा म्हणाले."

सिस्टर गेली. न जाण्याचा विचार तिने दोन दिवस केला आणि मग इस्त्रीचे कपडे घातले.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. फोटो दारातच लावला होता, माणसाच्या उंचीएवढा, आणि लोक रांगेने त्याच्याशेजारी उभं राहून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होते. फोटो खालून कापला होता. तो अशा बेताने कापला होता की खिळा दिसू नये, दोरा दिसू नये, डबा दिसू नये. फोटो सुंदर होता. एवढा सुंदर की तो पाहताना तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

ताई पहिल्या रांगेत होती, ठेवणीतले कपडे घालून. तिने हात हलवला.

भाऊजी स्टेजवर थोडंच बोलले. नदी, संयम, उजेड. मग म्हणाले, "आमच्या घरातली ही मुलगी. हिने जे केलं ते मी फक्त पाहिलं." टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने माइक सिस्टरच्या हातात दिला. "दोन शब्द?"

तिला भाषण येत नव्हतं. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती द्यायची सवय होती, तशी ती बोलली.

"पक्षी नर. डावा पाय. नायलॉनचा दोरा, तीन वेढे, तीन दिवसांपूर्वीचा. दोरा खिळ्याला बांधलेला. शेजारच्या डब्यात बेडूक, सगळ्यांचे मागचे पाय मोडलेले. पोत्यात आधीचे मेलेले पक्षी. किती ते मोजले नाहीत. पक्ष्याचा पाय कापावा लागला. हे सगळं फोटोसाठी केलं होतं. बांधणारे हे इथे उभे आहेत. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सूत्रसंचालक हसल्यासारखं करून थांबला.

भाऊजी तिच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आणि माइककडे किंचित वाकून म्हणाले, "निवृत्तीनंतर हिला जरा त्रास होतोय. एकटी असते. आपण सांभाळून घेऊ." आवाज इतका मऊ होता की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांचे चेहरे तिच्याकडे पाहून हळहळले.

तिने खांदा काढून घेतला आणि पायऱ्या उतरली. ज्या हाताने फॉर्मवर सही मिळवून दिली होती, तो हात खांद्यावरून काढून टाकताना तिला अंगावरून गोम झटकल्यासारखं वाटलं.

चहाच्या टेबलाजवळ केमिस्टने तिला गाठलं. बिस्किट चहात बुडवत तो म्हणाला, "तुमचं म्हणणं असेलही खरं. पण फोटो मात्र एक नंबर आहे हं."

"तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात," सिस्टर म्हणाली. "खाली का आला नाहीत?"

"माझे बूट नवे होते हो," तो म्हणाला. आणि तो थट्टा करत नव्हता.

मंडळाचं पत्र दहा दिवसांनी आलं. आरोप गंभीर आहेत, पुरावा नाही, निकाल कायम. पत्र सभ्य होतं. तिने स्वतःच्या कॅमेऱ्यातला पायाचा फोटो पाठवला होता. त्याबद्दल लिहिलं होतं की तांत्रिकदृष्ट्या तो पुरेसा स्पष्ट नाही.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी ताई आली. बेल न वाजवता दारावर थाप मारली, लहानपणापासून मारायची तशी. आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"भर सभेत बोललीस. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"ताई, मी पाहिलं ते तू पाहिलं नाहीस."

"मी पाहिलं नाही?" ताईने तिच्याकडे पाहिलं. "डबा कोण धुतं असं वाटतं तुला?"

सिस्टर चहाचं आधण ठेवायला उठली होती, ती ओट्याशीच थांबली.

"शनिवारी आणून मागच्या नळाखाली ठेवतात," ताई सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "मेलेले तळाला चिकटलेले असतात. काडीने काढावे लागतात. त्याचा साबण वेगळा ठेवलाय मी, घासणी वेगळी. अकरा वर्षं झाली."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. पहिल्या वर्षी. म्हटलं, कशाला असलं पाप. तर म्हणाले, मग तूच जाऊन पक्ष्यांना सांग माझ्यासाठी थांबायला. आणि हसले. मग मीही हसले." ती थांबली. "घरात दुसरं काय करणार? ते चिडत नाहीत, ओरडत नाहीत. भांडायला काही धरायलाच सापडत नाही त्यांच्यात."

आधण उकळायला लागलं. सिस्टरने गॅस बंद केला. एक प्रश्न उरला होता आणि तो विचारायचा नव्हता, पण तोंडातून निघून गेला.

"पाय कोण मोडतं, ताई?"

 ताईने मांडीवरची पर्स उघडली, बंद केली.

"त्यांचे हात कापतात आता," ती अखेर म्हणाली. "दोन वर्षं झाली. दोरा बांधतात अजून नीट, वेळ लावून. पण ते बारीक काम त्यांना जमत नाही. अर्धवट होतं, मग बेडूक जास्तच तडफडतो. मी पटकन करते. त्याला कळतही नाही." आणि मग, जरा आशेने, "कळतं का गं? तुला माहीत असेल."

सिस्टर तिच्या हातांकडे पाहत राहिली. या हातांनी तिची वेणी घातली होती, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, मुलीच्या वेळी बाळंतपणात तूपभात कालवून भरवला होता. गोरे, स्वच्छ, नखं कापलेले हात. तिला रडू यायला हवं होतं. आली ती किळस. घशापर्यंत, आंबट, आणि ती कुणावर थुंकावी हे कळेना. भाऊजींवर थुंकणं सोपं होतं.

"कळतं," ती म्हणाली. "सगळं कळतं त्याला."

ताईने हात पुढे केला, तिचा हात धरायला. सिस्टरने आपला मागे घेतला. मुद्दाम नाही, तो आपसूकच गेला. दोघींनीही ते पाहिलं.

ताई उठली. "त्यांचं औषध द्यायचंय पाचला," म्हणाली. चपला घालताना तिने भिंतीचा आधार घेतला, आणि सिस्टर तिला धरायला पुढे झाली नाही. जिन्यात ताईची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. ती एकेका पायरीवर थांबत होती.

पुढच्या शनिवारी साडेपाचलाच सिस्टर उतारावर जाऊन बसली. सोबत घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि पक्कड. खिळा तिने आधीच उपटून काढला. सव्वासहाला भाऊजी आले, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी तिला पाहिलं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आत काहीतरी ओलं सरकल्याचा आवाज आला.

"बसलीयेस का?" ते म्हणाले.

"बसलेय."

"डास आहेत इथे."

"असू देत."

ते शांतपणे वळून गेले. ग्रुप आला, तिला पाहून कठड्याशीच घुटमळला, पुलाचे आणि दिव्यांचे फोटो काढून पांगला. त्या संध्याकाळी एक रातबगळा आपला आपण आला, पण खुंटावर नाही, पार पलीकडच्या नाल्याच्या तोंडाशी. फेसात उभा राहून त्याने काहीतरी उचललं आणि गिळलं. एवढ्या लांबून, एवढ्या अंधारात, त्याचा फोटो कुणालाच मिळाला नसता.

चार शनिवार ती बसली. पाचव्या शनिवारी भाऊजी आलेच नाहीत, ग्रुपही नाही. मुख्याध्यापिका एकट्याच पायवाटेवरून फेरी मारत होत्या; तिला पाहून आधी पुढे गेल्या, मग परत आल्या.

"मी सोडला ग्रुप," त्या म्हणाल्या. "कारण विचारू नका. ते आता तलावावर जातात, शहराबाहेरच्या. सर म्हणाले, तिथले पक्षी जास्त धीट आहेत."

सिस्टरने खुर्चीची घडी घातली. पक्कड पिशवीत टाकली. मुख्याध्यापिकांना वाटलं ती घरी निघाली, म्हणून त्याही सोबत चालू लागल्या. पण चौकात आल्यावर सिस्टर बसथांब्याकडे वळली आणि तिथल्या कंडक्टरला विचारलं, तलावाकडची गाडी किती वाजता सुटते.